पावसाळ्यात कपाटाला बुरशी: डीह्युमिडिफायर घ्यावा की हवाबंद डबा पुरेल?

घोडबंदर_चौदावा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण तपशिलाशिवाय विचारलं तर उत्तरंही अंदाजपंचेच येतील.

घर ठाण्यात घोडबंदर रोडला, चौदावा मजला. बेडरूम १० बाय १२ फूट. बाहेरची भिंत पश्चिमेची, त्यामुळे जून ते सप्टेंबर पावसाची झड थेट तिच्यावर. त्याच भिंतीला चिकटून प्लायवूडचं कपाट. पुढून सनमायका, मागची पाठ कोरीच. वरच्या कप्प्यात कॅमेरा, तीन लेन्स आणि एक दुर्बीण. त्यातली १५०-६०० मिमीची झूम लेन्स खास फ्लेमिंगोंसाठी आहे, म्हणजे पक्षी परतले की ऐरोलीच्या पुढच्या बोटफेरीपर्यंत पाच महिने ती बॅगेतून बाहेर निघत नाही. मधल्या कप्प्यात तबला-डग्गा, खालच्या दोन कप्प्यांत दीडेकशे पुस्तकं.

सध्याची अवस्था: कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर पांढरे ठिपके, कपाटाच्या पाठीवर काळपट डाग, जुन्या कापडी बांधणीच्या पुस्तकांवर हिरवट थर. डांबर गोळ्या, कापूर, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या, आणि ओलावा शोषणारी टांगायची पिशवी, सगळं करून झालं. पिशवी बारा दिवसांत पाण्यानं टम्म भरली, बाकी फरक शून्य.

आता डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं मशीन) घ्यावा, कॅमेऱ्याची इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट घ्यावी, की आणखी काही? एकानं तांदळात ठेवायला सांगितलंय. खर्च करायला हरकत नाही, पण योग्य ठिकाणी व्हावा.

खाडीकाठ

तांदूळ तांदळाच्या डब्यातच राहू द्या. त्याची शोषण्याची ताकद नगण्य, आणि त्याची पिठी झूमच्या रिंगमध्ये जाऊन बसते. डांबर गोळ्या आणि कापूर आजच बाहेर काढा. दोन्ही ओलावा शोषत नाहीत, फक्त किडे दूर ठेवतात. वर त्यांची वाफ काचेवर आणि रबरावर बसते. टांगायची पिशवी शोषते खरी, पण आत कॅल्शियम क्लोराइड असतं आणि खाली साठतं ते त्याचं खारट पाणी. एखादी पिशवी फुटली की चामडं, धातू, सगळ्याची वाट लागते. चपलांच्या कपाटात लावा, लेन्सच्या वर कधीच नाही.

काहीही विकत घेण्याआधी एक डिजिटल हायग्रोमीटर (हवेची आर्द्रता मोजणारं यंत्र) घ्या, छोटा, आगपेटीएवढा मिळतो. मात्र त्याच्या आकड्यावर लगेच विश्वास नको. स्वस्तातले पाच-सात टक्क्यांनी सर्रास चुकतात. घरच्या घरी तपासायची रीत अशी: बाटलीचं झाकण घ्या, त्यात चमचाभर साधं मीठ, वर थेंब थेंब पाणी. मीठ विरघळू द्यायचं नाही, ओल्या वाळूसारखं दिसलं की थांबा. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत शेजारी शेजारी ठेवा, मीठ त्याला लागणार नाही असं, आणि पिशवी घट्ट बंद करून रात्रभर एका जागी राहू द्या. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. आपल्याकडच्या तापमानाला त्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. सकाळी आकडा ७० दिसला तर तुमचं यंत्र ५ नं कमी दाखवतंय. तो फरक मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पिशवी उघडण्याआधी वाचा, उघडल्यावर नाही.

कॅमेरा-लेन्सला ४० ते ५० टक्के हवेत. ६५-७० च्या वर आठवडेच्या आठवडे राहिलं की बुरशीला मोकळं रान. ३५ च्या खाली नेऊ नका, रबर आणि चामड्याला ते सोसत नाही.

आता डबा. स्वयंपाकघरात वापरतो तसा, चारी बाजूंनी क्लिपा आणि झाकणाला सिलिकॉनची रिंग असलेला, १५ ते २० लिटरचा. झूम लांब असेल तर आडवी मावते ना ते आधी मोजा. २० लिटरला २५० ग्रॅम नारंगी सिलिका जेल (ओलावा शोषणारे मणी), तीन-चार मलमलच्या पुरचुंड्यांत बांधून. हायग्रोमीटर पुरचुंड्यांपासून लांबच्या कोपऱ्यात, आकडा बाहेरून वाचता येईल असा. लेन्स बॅगेत घालून डब्यात ठेवू नका. बॅगेचा फोम, पट्टा, चामडी पाऊच, सगळं बाहेर. लेन्सची टोपणं सैल बसवा, बॅटरी काढून ठेवा.

चोवीस तासांत आकडा ५० च्या खाली यायला हवा. तीन-चार दिवसांत परत ६० कडे सरकायला लागला तर डबा गळतोय. झाकणाच्या कडेत वर्तमानपत्राची पट्टी धरून क्लिप लावा आणि ओढून बघा. जिथून सुळकन निघते तिथून हवा जाते.

डब्यात टाकण्याआधी प्रत्येक लेन्स तपासा. दोन्ही टोपणं काढा, डायाफ्राम (आतलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडा, एका टोकाकडून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा आणि दुसऱ्या टोकातून बघा. सुटे ठिपके म्हणजे धूळ, घाबरू नका, प्रत्येक लेन्समध्ये असते. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा वाळल्या फांदीसारखे फुटत गेलेले धागे दिसले तर ती बुरशी. अगदी बाहेरच्या काचेवर असेल तर लेन्स क्लीनर आणि टिश्यूनं निघते. आत असेल तर लेन्स उघडणारा कारागीर गाठा आणि लवकर गाठा, कारण बुरशीतून निघणारं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं. मग बुरशी पुसली तरी तिची नक्षी तशीच राहते. आणि "ऊन दाखवा" हा सल्ला ऐकून लेन्स टोपण काढून खिडकीत ठेवू नका. ते भिंग आहे, पडदा पेटवेल.

डक्ट_आणि_डॅम्पर

वर सांगितलेलं बरोबर आहे. त्यामागचा हिशेब मांडतो, म्हणजे मशीन घ्यायचं की नाही ते कळेल.

३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण ३० ग्रॅम वाफ मावते. ८५ टक्के आर्द्रता म्हणजे २६ ग्रॅम. २० लिटरच्या डब्यात या हिशेबानं जेमतेम अर्धा ग्रॅम पाणी. तेवढ्यासाठी पाव किलो जेल कशाला? तर पाणी हवेत नसतंच, वस्तूंत असतं. फोम, कापड, कागद, लाकूड यांत मुरलेलं. हवा कोरडी झाली की ते हळूहळू बाहेर येतं. शिवाय झाकण उघडलं की नवी हवा. म्हणून बॅग बाहेर ठेवायला सांगितलंय.

आता तुमची खोली. १० बाय १२, उंची साडेनऊ धरली तर ३२ घनमीटर. ८५ वरून ५५ टक्क्यांवर आणायला हवेतलं पाणी काढावं लागतं फक्त ३०० मिली, चहाचे दोन-तीन कप. ऐकायला सोपं वाटतं. पण खिडक्या बंद असल्या तरी स्लायडिंगच्या फटी, दाराखालची फट, बाथरूमचा एक्झॉस्ट यांतून हवा बदलतच असते. दर दोन तासांनी एकदा पूर्ण बदलते असं धरलं तर दिवसाला १२ वेळा ३०० मिली, म्हणजे साडेतीन लिटरच्या वर. शिवाय रात्री झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासा-घामातून अर्धा लिटर. वर प्लाय, गादी, पुस्तकं यांचं वेगळंच.

टेबलावर मावतात ते छोटे पेल्टियरवाले (कॉम्प्रेसर नसलेले) डीह्युमिडिफायर दिवसाला २००-३०० मिली काढतात. या खोलीत ते म्हणजे खाडी चमच्यानं उपसणं. एखाद्या बंद कपाटासाठी ठीक, खोलीसाठी पैसे फुकट. खोलीला कॉम्प्रेसरवालाच हवा, दिवसाला १० ते १२ लिटरचा. खोक्यावरचा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. ५५ टक्क्यांवर आल्यावर तेच मशीन निम्म्याच्या आसपास पाणी काढतं. वीज २००-२५० वॉट, म्हणजे आठ तासांना दोन युनिट. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: हे मशीन खोली तापवतं. एक लिटर वाफेचं पाणी होताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता बाहेर पडते, शिवाय मशीन खाते ती वीज. एसीसारखं बाहेर टाकायला आउटडोअर नाही, सगळं खोलीतच. दुपारी खोली बंद करून चालवा. माणसं आत असताना नको होईल.

बातम्यांत येते ती कुलाबा-सांताक्रूझची आर्द्रता, सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचची. तिच्यावर घराचा निर्णय करू नका. हायग्रोमीटर आला की चार आकडे द्या: खोलीच्या मध्यभागी, कपाटात, सकाळी आणि रात्री. आणि दोन प्रश्नांची खरी उत्तरं. रात्री एसी किती अंशांवर असतो? कपडे कुठे वाळतात?

घोडबंदर_चौदावा

हायग्रोमीटर आला. मिठाच्या पिशवीत ६९ दाखवला, म्हणजे ६ मिळवायचे. मिळवून आकडे असे. रात्री एसी चालू असताना खोलीत ५८, कपाटात ८१. सकाळी आठला एसी बंद करून खिडक्या उघडल्यावर खोलीत ८७, कपाटात ८६.

एसी २३ वर, इन्व्हर्टरवाला. कपडे पावसाळ्यात त्याच खोलीत, स्टँडवर, पंख्याखाली. दुसरी जागा नाही.

डक्ट_आणि_डॅम्पर

सापडला चोर. एक नाही, दोन.

पहिला कपड्यांचा स्टँड. पाच किलो कपड्यांत स्पिन झाल्यावरही अडीच-तीन लिटर पाणी उरतं, टॉप लोड असेल तर जास्तच. हे सगळं पाणी तुम्ही रोज त्या खोलीच्या हवेत सोडताय, तेही बंद खिडक्यांआड. मग १२ लिटरचं मशीन आणलं तरी त्याचा मोठा वाटा कपडे वाळवण्यातच जाईल. वाईट नाही, लोक त्यासाठीच घेतात. पण तेच करायचं तर कपडे आणि मशीन दुसऱ्या खोलीत बंद करा, कपाटाच्या खोलीत नको. मशीन स्टँडपासून दोन-तीन फुटांवर, पंखा कपड्यांच्या आडव्या दिशेनं आणि दोन कपड्यांत चार बोटं अंतर. स्पिन एकदा जास्तीचा द्या. मोटरनं पाणी काढणं वाफ करून काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

दुसरा चोर सकाळची खिडकी. रात्रभरात कपाट, भिंत, पुस्तकं, लेन्स, सगळं २३-२४ अंशांना आलेलं असतं. बाहेरची हवा ३० अंश, ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू साधारण २७ अंश, म्हणजे २७ पेक्षा गार कुठल्याही पृष्ठभागावर तिचं पाणी सुटणार. तुम्ही एसी बंद करून लगेच खिडक्या उघडता, ती हवा गार कपाटाला लागते आणि पाठीवर दव धरतं, फ्रिजमधून काढलेल्या ताकाच्या ग्लासावर धरतं तसंच. रोज सकाळी अर्धा-पाऊण तास. बुरशीला एवढं पुरतं.

उपाय फुकटातले. एसी २३ ऐवजी २६-२७ वर, ब्लोअर मंद, सोबत छताचा पंखा. इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर रेंगाळत चालतो; कॉइल (आतली थंड नळी, जिच्यावर ओलावा गोठून पाणी होतो) पुरेशी थंड राहत नाही आणि ओलावा निघणं मंदावतं. ब्लोअर मंद ठेवला की हवा कॉइलवर जास्त वेळ राहते. ड्राय मोड थोडाफार हेच करतो, पावसाळ्यात वापरायला हरकत नाही. सकाळी एसी बंद केल्यावर एक तास खिडक्या आणि कपाटाची दारं बंदच, फक्त पंखा. वस्तू २८-२९ अंशांवर आल्या की मग उघडा.

कॅमेऱ्यालाही हाच नियम. एसीच्या खोलीतून थेट बाल्कनीत नेला की काच धुरकट होते. बॅगेची चेन लावून बॅग बाहेर अर्धा-पाऊण तास ठेवा, मग उघडा.

वाळवण

पुस्तकांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

पुस्तकं सिलिकाच्या डब्यात घालायचा विचार मनात असेल तर सोडून द्या. कागद ८५ टक्के आर्द्रतेला किलोमागे १०० ग्रॅमच्या वर पाणी धरतो. दीडशे पुस्तकं, सरासरी ३०० ग्रॅमची, म्हणजे ४५ किलो कागद. त्याला ५० टक्क्यांवर आणायचं तर दोनेक किलो पाणी काढावं लागेल, त्याला आठ-दहा किलो जेल. पुस्तकांना जेल नको, वारा द्या.

कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ओढा. भरलेलं ओढू नका, पाये मोडतात. पाठ प्लायची आणि कोरी, म्हणजे भिंतीची ओल पिणारा टीपकागदच. ओढल्यावर भिंतीवर दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस तसंच ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेर, खोलीकडच्या बाजूला आले तर ते दव, आणि वरचे एसीचे उपाय पुरतील.

भिंतीतून येत असेल तर आतून वॉटरप्रूफ रंग लावून काही होत नाही. पाणी बाहेरच्या भेगेतून शिरतं, आतला रंग फुगे धरून सुटतो. काम बाहेरून, झुला बांधून, भेगा भरून, आणि तेही पाऊस संपून भिंत सुकल्यावरच. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती ही संस्थेनं स्वतःच्या खर्चानं करायची कामं आहेत. फोटो, तारखा आणि या प्लास्टिकच्या चाचणीचा फोटो जोडून सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगून दिवाळी उलटते.

तोवर पुस्तकं अशी: मागे दोन इंच जागा, फळीवर दाटीवाटी नाही, बोट घालून सहज निघेल इतकी सैल. फळीवर जुनं वर्तमानपत्र अंथरायची सवय असते ती मोडा. ओल धरतं आणि कसर पोसतं. बुरशी आलेलं पुस्तक आधी वाळवा, मग झाडा. ओल्यावर ब्रश मारला की बुरशी कागदात घासली जाते. पुस्तक उभं, पानं पंख्यासारखी उघडी, दर वीसेक पानांनंतर टिश्यू, आणि पंखा लांबून. एक-दोन दिवसांत थर पावडरसारखा कोरडा होतो. मग बाल्कनीत, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशनं शिवणीपासून बाहेरच्या कडेकडे. प्लास्टिकचं आवरण असलेल्या कव्हरवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ओलसर बोळ्यानं चालतं. कापडी बांधणीवर आधी कोपऱ्यात करून बघा, रंग सुटतो. छापलेल्या पानांवर अजिबात नाही.

कपाटाची पाठही त्याच अल्कोहोलनं पुसा. खिडकी उघडी ठेवून, आणि जवळपास गॅस किंवा समईची वात पेटलेली नसताना. पूर्ण वाळल्यावर कोऱ्या पाठीला दोन हात ऑइल पेंट किंवा टचवूड (लाकडाचं पॉलिश) द्या. सुतारानं ते आधीच द्यायला हवं होतं, पण मागची बाजू दिसत नाही म्हणून कुणीच देत नाही.

झीरोचा_बल्ब

इतका हिशेब केलात, पण जुना उपाय विसरलात. कपाटात झीरोचा बल्ब लावून द्या. आमच्या नेरुळ-बेलापूरकडे खाडीकाठच्या घरांत अजून चालतो.

डक्ट_आणि_डॅम्पर

चालतो, आणि कारणही आहे. झीरोचा बल्ब नावाला झीरो. तारेचा असेल तर १५ वॉटच्या आसपास खातो आणि जवळजवळ सगळी उष्णताच देतो. कपाट ३० वरून ३४ अंशांवर गेलं की पाणी तेवढंच राहून आर्द्रता ८५ वरून ६८ वर येते. महिन्याला दहा-अकरा युनिट.

पण तीन अटी. एक, एलईडीवाला झीरोचा बल्ब अर्धा-एक वॉटचा असतो, त्यानं काही तापत नाही, आणि दुकानात आता बहुधा तोच देतात. दोन, बल्ब खालच्या कप्प्यात, जाळीच्या पिंजऱ्यात, कापड-कागदापासून निदान एक फूट लांब. साडीचा पदर टेकला तर आग लागेल. तीन, चालू ठेवायचा तर चोवीस तास. रात्री चालू सकाळी बंद केलं तर कपाट गार होताना आर्द्रता पुन्हा चढते. ६८ हा आकडा पुस्तकांना आणि कपड्यांना तग धरण्यापुरता ठीक, लेन्सना नाही.

खाडीकाठ

इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेटबद्दल विचारलं होतं ते राहिलं. ३० लिटरची कॅबिनेट ५ ते १० वॉटच खाते. एकदा ४५ वर लावली की विसरून जा. जेल वाळवायची कटकट नाही. दोन बॉडी आणि पाच-सहा लेन्स असतील, किंवा दर आठवड्याला सामान काढत-घालत असाल, तर तीच घ्या. तुमच्याएवढ्या सामानाला डबा पुरतो. घेतलीत तर मागची बाजू भिंतीला चिकटवू नका, ओली हवा तिथून बाहेर पडते. आणि तिच्या काट्याचीही मिठाच्या पिशवीतल्या हायग्रोमीटरशी गाठ घालून द्या, दारावरचे आकडे आशावादी असतात.

डब्यात असो वा कॅबिनेटमध्ये, दोन-तीन आठवड्यांनी झूम आणि फोकसच्या रिंगा दहा-बारा वेळा पूर्ण फिरवा, कॅमेऱ्यात बॅटरी घालून चार फोटो काढा. वंगण एका जागी गोठत नाही आणि टॉर्चची तपासणीही होते.

ठेका

तबल्याचं थोडक्यात. चामडं ओल धरलं की सैल पडतं, सूर उतरतो. मग आपण हातोडीनं गट्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) आणि गजरा (पुडीच्या कडेची चामड्याची वेणी) ठोकून चढवतो. तसाच चढवलेला तबला एसीच्या हॉलमध्ये नेला की चामडं आकसतं, ताण फार वाढतो आणि पुडी (तोंडावरचं चामडं) मैदानाशी, म्हणजे शाईभोवतीच्या मोकळ्या भागात, नाहीतर गजऱ्याजवळ फाटते. म्हणून पावसाळ्यात वाजवून झालं की गट्ठे एक-दोन ठोक्यांनी उतरवून ठेवा.

कॅमेऱ्याच्या डब्यात तबला नको. ४० टक्के त्याला फार कोरडं, शाईला (पुडीवरच्या काळ्या गोलाला) तडे जातात. वेगळा डबा, जेल निम्मं, आकडा ५० ते ५५. पुडीवर बुरशी आली तर कोरड्या सुती फडक्यानं, शाईच्या बाहेरून कडेकडे. पाणी, तेल, पावडर काही लावू नका. डग्ग्याच्या धातूच्या भांड्यावर सकाळी दव धरतं ते वरच्या सकाळच्या खिडकीमुळेच.

घोडबंदर_चौदावा

प्लास्टिक लावून दोन दिवस झाले: थेंब खोलीकडच्या बाजूला, भिंतीकडची बाजू कोरडी. म्हणजे दवच. एसी २६ वर, सकाळची खिडकी तासभर उशिरा आणि कपड्यांचा स्टँड हॉलमध्ये, एवढ्यानंच कपाटातला सकाळचा आकडा ७२ वर आलाय. मशीन तूर्त रद्द. डबा लावला, लेन्स ४४ वर. झूमच्या मागच्या काचेवर कडेला एक धागा दिसतोय, ती कारागिराकडे जाईल.

शेवटचा प्रश्न. जेल हिरवट व्हायला लागलं की वाळवायचं कसं? पावसाळ्यात ऊन नाही. मायक्रोवेव्ह आणि ओटीजी दोन्ही आहेत.

खाडीकाठ

ओटीजी. मायक्रोवेव्हमध्ये मणी एकसारखे तापत नाहीत, ओले मणी तडकून उडतात आणि काही करपतात.

रंगावर जाऊ नका, वजनावर जा. कोरडं असताना २५० ग्रॅम भरलं, तर पुरचुंड्यांसकटचं वजन स्वयंपाकाच्या काट्यावर करून डब्यावर लिहा. ३०-३५ ग्रॅम वाढले की वाळवायची वेळ झाली. त्यापुढेही ते शोषतं, पण जोर कमी होत जातो.

मणी पुरचुंडीतून काढून स्टीलच्या ताटात एकाच थरात पसरा. ११० ते १२० अंश, दोन ते तीन तास. सुरुवातीला दार बोटभर उघडं ठेवा, वाफ बाहेर जाऊ द्या. १२० च्या वर नेऊ नका, नारंगी रंग जळून तपकिरी होतो. मग जेल काम करतं, पण रंगावरून काही कळत नाही. दोन तासांनी वजन करा, पुन्हा अर्ध्या तासानं करा. दोन्ही सारखं आलं की झालं. निळं जेल कुणी दिलं तर घेऊ नका. त्यात कोबाल्टचं मीठ असतं, ते जेवणाच्या ओव्हनमध्ये तापवायची वस्तू नाही.

बहुतेकांचं चुकतं ते यापुढे. गरम जेल ताटात उघडं गार करायला ठेवतात आणि गार होता होता ते स्वयंपाकघरातली ओल पिऊन बसतं. ओव्हनमधून काढल्या काढल्या कोरड्या स्टीलच्या डब्यात ओता, झाकण लावा आणि डबा हाताला कोमट लागेपर्यंत तसाच राहू द्या. त्या वेळात पुरचुंड्यांची मलमल इस्त्रीखाली कोरडी करून घ्या, नाहीतर पहिले चार ग्रॅम तिच्यातूनच येतील.